मदत हवी आहे: पथ्य तेच, औषध तेच, तरी आईची सकाळची साखर वाढतेय

आईला टाइप 2 मधुमेह आहे, वय 63. गोळ्या वेळेवर, जेवण मोजूनमापून. उपाशीपोटीची साखर 120 च्या आसपास असायची, ती गेल्या आठवड्यापासून 170-180 येतेय. आई फार हिरमुसली आहे. "मी काही चोरून खात नाही गं," म्हणाली, तेव्हा मलाच भरून आलं.

एक कारण आमचं आम्हालाच सापडलं. परवा दुपारी तिने फळ चिरलं, हात फडक्याला पुसले आणि बोट टोचलं. आकडा 246! साबणाने हात धुऊन, नीट कोरडे करून दुसऱ्या बोटाचा थेंब घेतला, तर 158. बोटाला लागलेला रसच मोजला गेला होता. पण सकाळी हात स्वच्छ असतात, पट्ट्यांची मुदतही संपलेली नाही. मीटरमध्ये 15 टक्के इकडेतिकडे होतं हे मान्य, पण 120 चे 180 त्यात बसत नाहीत.

नऊ दिवसांपूर्वी तिला गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलंय. त्याने साखर चढते हे नंतर कळलं. शिवाय दुखण्यामुळे झोप धड नाही, आणि पहाटे शरीरातले हार्मोन्स यकृतातून साखर सोडायला लावतात ते वेगळंच.

असं इंजेक्शन घेतलेल्यांनो, तुमची साखर किती दिवसांनी उतरली? पहाटे तीनला तपासून कुणाला उलगडा झाला का? सोमवारी डॉक्टरांकडे जातोय, गोळ्या आम्ही मनाने बदलणार नाही. सोबत कोणत्या वेळांच्या नोंदी न्याव्यात, तेवढं सांगा.