मदत हवी आहे: आजीसाठी कुर्लीचं डिप, पण चक्का फुटतोय

नमस्कार मंडळी, वेंगुर्ल्याहून लिहितेय. पुढच्या गुरुवारी आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्या दिवशी अर्थातच शाकाहारी. शुक्रवारी संध्याकाळी मात्र अंगणात घरच्यांची पार्टी, ३० माणसं, आणि वशाट हवंच.

आजीला कुर्ली म्हणजे जीव की प्राण. आता दात नाहीत, नांगी फोडता येत नाही. दोन वर्षं नुसता रस्सा भाताला लावून खातेय. मांस काढून वेगळं वाढलेलं तिला आवडत नाही, सगळे खातील तेच पानात हवं. म्हणून सगळ्यांसाठीच कुर्लीचं मऊ, क्रीमी डिप करायचं ठरवलं. क्रीम चीज आमच्या बाजारात मिळत नाही, म्हणून चक्का वापरला.

काल करून बघितलं. सहा मध्यम कुर्ल्या उकडून जेमतेम दीड वाटी मांस निघालं. तुपात लसूण परतली, मांस टाकलं, मीठ, मिरपूड आणि वरून चक्का. दोन मिनिटांत कणी पडली आणि कडेने पाणी सुटलं. चव छान होती, पण पापडावर घेतलं की ओघळतं. काय चुकलं? आणि ३० जणांना पुरवायचं कसं?

प्रतिसाद
चक्का आचेवर घालू नका, तापला की तो फाटतोच. क्रीम चीजमध्ये चरबी भरपूर आणि घट्ट धरून ठेवणारा डिंकही असतो, चक्क्यात तसं काही नाही. ते काम काजूवर सोपवा, वेंगुर्ल्यात काजूला काय तोटा! दोन वाट्या चक्क्याला अर्धी वाटी काजू गरम पाण्यात भिजवून गंधासारखे वाटा. मांस परता, पूर्ण गार करा, फडक्यात घट्ट पिळा, मगच मिसळा. मीठ आणि लिंबू अगदी शेवटी, मिठाने पाणी सुटतं. मांस पांढऱ्या ताटलीत पसरून बोटांनी दोनदा चाचपा. आजींसाठी हे टाळू नका, पातळ कवच डोळ्यांना दिसत नाही.

पुरवायला निम्मी कोलंबी घाला, उकडून बारीक चिरून. सोबत तांदळाचे पापड ठेवा, आजींना घावन. लहान वाट्यांतून थोडं थोडं बाहेर काढा, दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको. खाली परातीत बर्फ ठेवा, पण जेटीवरचा असेल तर तो डिपला लागू देऊ नका, तो खाण्याचा नसतो. आणि पाहुण्यांत कुणाला कोलंबी-कुर्लीची ॲलर्जी आहे का, ते आधी विचारा.

धागालेखिका
मनापासून आभार! पिळायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एक अडचण राहिली. गुरुवारी घरात कुर्ली शिजवता येणार नाही आणि शुक्रवारी सकाळी बाजारात मिळतीलच याची खात्री नाही.

प्रतिसाद
बुधवारी जिवंत, नांग्या बांधलेल्या घ्या. ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवा, अधूनमधून पाणी शिंपडा. बादलीभर पाण्यात ठेवू नका, गुदमरून मरतात. शुक्रवारी जी हलत नसेल ती टाकून द्या.

धागालेखिका
शेजारच्या काकूंची पडवी मागून घेतली. रविवारी काजू घालून पुन्हा करते आणि पहिली वाटी आजीलाच देते.