स्किमर नीट चालत नाही? आधी संपमधलं पाणी बघा

खाडीकाठ:
खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीसाठी नवा प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसात घाण पकडून वरच्या कपात काढणारं यंत्र) घेतला की ‘फेसच येत नाही’ नाहीतर ‘कप भरून वाहतो’ ही तक्रार ठरलेली. माझ्या मते दोष बहुतेक वेळा संपमधल्या (टाकीला जोडलेल्या, स्किमर बसतो त्या पेटीतल्या) पाण्याच्या पातळीचा असतो. बाष्पीभवनाने पाणी बोटभर उतरलं की स्किमरच्या मानेतला (कपाखालच्या नळीतला) फेसही खाली जातो. तो वर यावा म्हणून आपण आउटलेटचा (पाणी बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह आवळतो, संध्याकाळी गोडं पाणी ओततो आणि रात्री कप वाहतो. स्किमरच्या कप्प्याला बॅफल (पाणी अडवणारी आडभिंत) लावा, कंपनीने दिलेल्या खोलीवर पाणी कायम ठेवा, व्हॉल्व्ह बराचसा उघडा सोडा आणि आठवडाभर हात लावू नका. नव्या प्लास्टिकचा तेलकटपणा जाईपर्यंत फेस स्थिर होत नाही.

दोन_क्लाउन:
पातळीचं पटलं. पण ५० लिटरच्या टाकीला स्किमर हवाच कशाला? दोन मासे, मोजकं खाणं, दर आठवड्याला १०-१५ टक्के पाणी बदल, एवढं पुरतं. तयार झालेलं नायट्रेट स्किमर काढत नाहीच.

खाडीकाठ:
नायट्रेट काढत नाही, खरं आहे. पण ज्यातून ते बनतं ती प्रथिनं बुडबुड्याला चिकटून कुजण्याआधीच बाहेर पडतात. शिवाय मे महिन्यात कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, तेव्हा स्किमरची हवा माशांना तारते. लहान टाकीत पाणीबदल कधीच चुकणार नसेल, तर तुमचं चालेल.

शेवाळवाला:
माझा आक्षेप वेगळा. सगळे काळा, घट्ट मळ निघावा म्हणून धडपडतात. मी पातळ, चहाच्या रंगाचं काढतो. घाण जास्त निघते.

खाडीकाठ:
त्यात खारं पाणीही जातं आणि ऑटो टॉप-अप (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारं यंत्र) त्या जागी गोडं भरतो. हळूहळू पाण्याचा खारेपणा उतरतो. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायच्या उपकरणावर) विशिष्ट गुरुत्व १.०२५ दिसतंय ना, हे तपासत राहा. मी मधलाच मार्ग धरतो आणि मान दोन-तीन दिवसांनी पुसतो. चिकट थरावर फेस चढत नाही.

सातवा_मजला:
एसीच्या बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साठून टाकीतल्या पाण्याचा पीएच पडतो, म्हणून स्किमरची हवा ओढणारी नळी खिडकीबाहेर काढा असं सगळे सांगतात. मला ते धोक्याचं वाटतं. सोसायटीत डासांची धूरफवारणी झाली की तेच औषध थेट पाण्यात! त्यापेक्षा नळीला सोडा लाइमचा स्क्रबर (हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणारी डबी) लावा, खर्च झाला तरी चालेल.

खाडीकाठ:
हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. फवारणीच्या दिवशी नळी आत घ्यायलाच हवी. आणि नळीच्या स्किमरकडच्या तोंडाशी मीठ साचतं, ते महिन्यातून एकदा कोमट गोड्या पाण्याने धुवा. फेस अचानक बसला तर आधी तिथेच बघा.