पुरात रस्ता बंद झाला की गावाला भाजी कुठून आणायची? माळावरच्या बागेबद्दल सल्ला हवाय

पंचगंगाकाठची वहिनी (करवीर तालुका)

नमस्कार मंडळी. आमचं गाव पंचगंगेच्या काठाला, कोल्हापूर शहराला लागूनच म्हणा ना. नजर जाईल तिथवर हिरवंगार शिवार, पण ते सगळं ऊस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३ फूट, म्हणजे बघा. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, जवळजवळ आठवडाभर गाड्या अडकल्या आणि शहरातच भाजी मिळेना, मग आमच्यापर्यंत कुठली येणार? २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच.

त्या दिवसांत दुधाची अडचण नव्हती, जनावरं आधीच माळावर हलवली होती. तांदूळही होता. पण मिरची, कोथिंबीर, कसलीच पालेभाजी नाही. शाळेत मुक्कामाला असलेल्या लेकरांना दोन्ही वेळा पिवळी खिचडी. एवढ्या सुपीक मातीतल्या गावात असं व्हावं, हे मला अजून सहन होत नाही. पाणी ओसरल्यावर दुसरी अडचण. परसातलं सगळं कुजलेलं, घरात जपलेलं बी भिजलेलं, आणि सगळ्यांना बियाणं एकाच वेळी हवं.

आता आमच्या बचत गटानं माळावरची १५ गुंठे जमीन खंडानं घेतलीय. मुरमाड आहे, पण बोअरला पाणी आहे आणि तिथवर पूर कधी आलेला नाही. पावसाळ्यात गावापुरती भाजी आणि पुरानंतर वाटायला बी-रोपं, एवढंच आमचं मागणं आहे. जुलै-ऑगस्टच्या झडीत माळावर काय टिकेल? बी कसं राखायचं? आणि घरची माणसं म्हणतात, "भाजीला दर कोण देणार?" त्यांना काय सांगायचं?

शिरोळची माहेरवाशीण

वहिनी, पहिलं सांगते, पावसाळी भाजीच्या मागं लागण्याआधी टिकाऊ भाजीचं बघा. तांबडा भोपळा आणि कोहळा जानेवारी-फेब्रुवारीत लावा. मे महिन्यात फळं पक्की होतात. देठासकट काढायची, देठ मोडला की फळ तिथूनच सडायला लागतं. नखानं साल टोचून बघा, नख रुतलं नाही तर फळ तयार. घराच्या माळ्यावर वाळल्या पेंढ्यावर एकमेकाला न चिकटवता ठेवली की पावसाळाभर टिकतात. माझी आई असंच करते, आणि पुरात एक भोपळा पुरी गल्ली जेवतो. सोबत सुरण, कांदा, लसूण. डिसेंबरात हरभऱ्याचा पाला खुडून सावलीत वाळवून ठेवा. हुलगे दळून ठेवा, त्या पिठाचं पातळ माडगं करायला भाजीसुद्धा लागत नाही.

झडीत माळावर वांगी-टोमॅटोच्या नादाला लागू नका. पाणी साचलं की मुळं गुदमरतात, मर लागते. हातभर उंच गादीवाफे करा आणि दोडका, कारली, दुधी मांडवावर चढवा. बांधाला शेवगा लावा, पाला वर्षभर खायला होतो. जिथं सांडपाणी जातं तिथं अळू. शिवाय तांदळी, कुर्डू, टाकळा हे पावसाळ्यात आपसूक उगवतं. म्हाताऱ्या बायकांना सोबत घेऊन पोरींना ओळख करून द्या, ओळखल्याशिवाय कुणी काही खुडू नये. पूर ओसरला की मेथी, मुळा, राजगिरा, महिन्याभरात ताटात येतात.

आता बी. संकरित वाणाचं बी राखू नका, दुसऱ्या पिढीत ते आईवर जात नाही. गावरान वाणानंच सुरुवात करा, त्यातही आधी घेवडा आणि चवळी, कारण त्यांचा फारसा संकर होत नाही. दोडका-दुधीवर मधमाश्या दुसऱ्या वाणाचा पराग आणतात, म्हणून एका वेळी एकच वाण लावा. पहिली, निरोगी, भरलेली फळं बियाला सोडायची. उरलीसुरली बियाला ठेवायची सवय मोडा, वाण त्यानंच खराब होतो. दोडका वेलावरच खडखडीत वाळू दे. टोमॅटोचा गर दोन दिवस आंबवून धुवायचा, मग बी सावलीत वाळवायचं. घेवडा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. मग चाळलेली राख घालून घट्ट झाकणाच्या डब्यात. डबे तीन वेगवेगळ्या घरांत ठेवा, त्यातलं एक माळावरचं. पेरायच्या आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून कितींना मोड येतात ते मोजा. निम्म्यांनाच मोड आले तर बी दुप्पट पेरायचं.

कागलचा ऊसवाला

वहिनी, घरची माणसं हट्टानं बोलत नाहीत. उसावर सोसायटी कर्ज देते, कारखान्याच्या बिलातून ते वळतं होतं, एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान दर, ठरलेली असते. कोथिंबिरीला यातलं काही नाही. सकाळी गड्डी वीस रुपयाला गेली तर दुपारी फुकट न्या म्हणायची पाळी. म्हणून "ऊस मोडा" म्हणू नका, माणसं उठून जातील. उसातच मागा.

आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या उसाची, लागण जुलै-ऑगस्टची, तिथं नदीकाठाला आंतरपिकाचा भरवसा नाही. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी लागण पाच फुटी सरीनं केली की बगलेला हरभरा, मेथी, कांदा, कोबी आरामात येतो. मोठ्या बांधणीच्या, म्हणजे उसाला मातीची भर द्यायच्या, आत रान मोकळं करायचं, एवढं पाळा. माझ्या रानात हरभरा असतो, उसाला तोटा दिसलेला नाही, उलट खुरपणीचा खर्च वसूल होतो. आणि पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, पेटवू नका! एका सरीआड दाबा. खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाला, पाणी कमी लागतं आणि माती भुसभुशीत राहते. आमच्या भागात अजून रात्री फडं पेटलेली दिसतात, बघून जीव तुटतो.

एक व्यवहाराचं सांगतो. खंडाचा कागद निदान तीन वर्षांचा करा. मुरमाड रानात शेणखत घालून माती तुम्ही तयार करायची आणि पुढच्या वर्षी मालकानं रान परत मागायचं, असं होऊ देऊ नका.

आजरेकर

धान्याचा विचार कुणी मांडला नाही म्हणून लिहितो. नाचणीला कीड लागत नाही म्हटलं तरी चालेल, नीट वाळवली तर कित्येक वर्षं टिकते. आमच्या डोंगरउतारावर आणि गगनबावड्याकडं ती पिकते, पण मागणी नाही म्हणून क्षेत्र घटत चाललंय. तुमच्याकडं गुऱ्हाळं आहेत. हंगाम संपताना गूळ तुमच्या हातात असतो, आमच्याकडं नाचणी असते. मे महिन्यात, रस्ते चांगले असताना, थेट अदलाबदल का करू नये? गटानं गटाशी बोलायचं, मधे कुणी नको. जिल्ह्याला बारा तालुके आहेत, पूर सगळीकडं सारखा येत नाही. आमचा घाट खचतो तेव्हा तुमचा रस्ता चालू असतो, असंही घडतं.

आजरा घनसाळला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहेच. पण पुराच्या साठ्याला तो महागाचा तांदूळ नको, जाडा भात ठेवा. घनसाळ सणाला घ्या आणि आमच्या शेतकऱ्याला योग्य दर द्या.

पंचगंगाकाठची वहिनी

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच्या बैठकीत हे वाचून दाखवलं. भोपळा-कोहळ्याला पाच गुंठे, मांडवाला पाच, उरलेल्यात बियाचे वाफे आणि रोपवाटिका, असं ठरलं. खंडाचा कागद तीन वर्षांचा करायला मालक तयार आहेत. उसातल्या हरभऱ्याला दोन घरं राजी झाली, त्यातलं एक माझ्या थोरल्या दिरांचं. त्यांनी अट घातलीय की बी गटानं द्यायचं आणि पाला खुडायला बायकांनी यायचं. पाला आम्हाला वाळवायला लागणारच आहे.

आजरेकर दादा, नाचणीचं आमच्या अध्यक्षांना फारच पटलं. तुमच्या भागातल्या एखाद्या महिला गटाशी गाठ घालून द्याल का? गुळाच्या एका ढेपेला किती नाचणी, हे दोन्ही गटांनाच बसून ठरवू दे. आणि शिरोळच्या ताई, तुमच्या आईकडं गावरान भोपळ्याचं बी असेल तर मूठभर हवंय. जानेवारी संपायच्या आत मिळालं तर याच हंगामात लावू. संक्रांतीला माहेरी येणार असाल तर नृसिंहवाडीला येऊन मीच घेऊन जाईन.

शिरोळची माहेरवाशीण

संक्रांतीपर्यंत थांबू नका, उशीर होईल. पुढच्या आठवड्यात आईचा भाऊ कोल्हापूरला येणार आहे, त्याच्याकडं पुडी देते. दोन वाण आहेत, चपटा आणि लांबट. वेगवेगळ्या चिठ्ठ्या घालते, पण यंदा एकच लावा.