दोन दिवस ॲनिमेचे, कोल्हापुरात: तुमचा अनुभव लिहा

गेल्या शनिवार-रविवारी राजारामपुरीतल्या हॉलवर ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टूनच्या मेळाव्याला जे जे आले होते, त्यांच्यासाठी हा धागा. वेश करून आलेले, नुसते बघायला आलेले, पोराला सोडायला म्हणून येऊन संध्याकाळपर्यंत थांबलेले, सगळ्यांनी लिहा. गमती लिहा, पण कपडे कुणी शिवले, तलवार कुणी घडवली तेही लिहा. फोटो गावभर फिरतायत आणि त्यांत शिंपी, सुतार, आया कुठेच दिसत नाहीत. मला ते लागून राहिलंय.

सुरुवात मीच करतो. आम्ही सातजणांनी हॉल ठरवला तेव्हा मालकांनी विचारलं, "कार्यक्रम कशाचा?" मी म्हटलं, "ॲनिमेचा." त्यांनी फोनवरून फळा लिहायला सांगितलं आणि शनिवारी सकाळी दारात पाटी: 'ॲनिमिया शिबिर'. नऊच्या ठोक्याला दोन मावशी रक्त तपासायला हजर. उपाशीपोटी आलेल्या. त्यांना चहा-पोहे दिले, चुकीबद्दल माफी मागितली. जातील असं वाटलं, पण पहिल्या रांगेत बसल्या त्या पार स्पर्धा संपेपर्यंत. एकीनं तर घरी फोन करून नातवाला बोलावून घेतलं.

पहिल्या दिवशी दोनशेच्या आसपास माणसं होती. मी माईकवर सांगितलं की टोकियोचा कॉमिकेट, म्हणजे कॉमिक्सचा मेळावा, जिथं आता लाखो लोक जातात, तो २१ डिसेंबर १९७५ ला पहिल्यांदा भरला तेव्हा सातशेच्या आसपासच लोक आले होते. मागून आवाज आला, "भावा, उद्या सातशे करतो!" तो कोण होता त्यानं पुढं लिहावं.

मंगळवार पेठेतून

मी तांजिरो झालेलो, 'डेमन स्लेयर'चा नायक. (बाहेरगावच्यांसाठी: मी मुलगीच आहे, आमच्यात असंच बोलतात.) त्याच्या अंगावरचा हिरव्या-काळ्या चौकोनांचा झगा, हाओरी, तो विकत घ्यायचा नाही असं ठरवलेलं. त्या चौकोनांना जपानीत इचिमात्सू म्हणतात. सानोगावा इचिमात्सू नावाचा काबुकी नट होता अठराव्या शतकात, त्याच्या पोशाखावरनं नाव पडलं. हे मी आईला सांगितलं तशी तिनं ट्रंक उघडली. हळदीकुंकवाला आलेले ब्लाऊजपीस वर्षानुवर्षं साठलेले, त्यातले सगळे हिरवे एका बाजूला. पण काळं कुठनं आणायचं? काळं कोण ओटीत घालत नाही. मग आजीनं तिची संक्रांतीची चंद्रकळा काढून दिली. जुनी, विरलेली, पण काळीभोर. मी नको म्हटलं. आजी म्हणाली, "कपाटात कसर खाणार, त्यापेक्षा तू घाल."

आठ रात्री आई मशीनवर बसली. हिरव्याच्या पाच छटा झाल्या, पण लांबनं एकच वाटतंय.

रविवारी हॉलमध्ये शेजारच्या काकू आल्या, माझ्या पाठीवरच्या एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा मी दिलेला! मंगळागौरीचा!" मग त्यांनी सगळ्या बायकांना बोलावलं आणि माझी पाठ पंधरा मिनिटं वाचून काढली. चार ब्लाऊजपीस ओळखू आले. एक तर काकूंनाच दुसऱ्या कुणी दिलेला, त्यांनी आईला दिलेला, आणि मूळ देणाऱ्या आजी तिथंच उभ्या होत्या. काय हसलोय आम्ही!

शाहूपुरीतून

वरच्या तांजिरोची बहीण नेझुको मी होते. ती राक्षस झालेली, माणसांना चावू नये म्हणून तिच्या तोंडात बांबूची नळी बांधलेली असते. मी बुरुडाकडून खरा बांबू कापून आणला, घासून गुळगुळीत केला, आणि भावानं दोरी विगखालून अशी गाठ मारून बांधली की माझी मला सुटेना. रिक्षात बसले. मामांनी विचारलं, "कुठं?" मी बोटानं सरळ, डावीकडे असं दाखवत राहिले. त्यांनी आरशात माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत आणि रिक्षा सुसाट सोडली. थांबली ती दातांच्या दवाखान्यासमोर. "ताई, पैसे ऱ्हाऊ देत, आधी आत जा!"

मी मोबाईलवर टाईप करून सगळं सांगितलं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, कपाळाला हात लावला, मला हॉलवर सोडलं आणि पैसे खरंच घेतले नाहीत. मामा, हे वाचत असाल तर तुमचे साठ रुपये माझ्याकडे आहेत.

उचगावहून

मी जिराया. नारुतो नावाच्या निंजा पोराचा गुरू, पांढऱ्या लांब केसांचा. विगसाठी ड्रेपरीवाल्यांकडे गेलो. नाटकवाल्या गावात राहायचा केवढा फायदा! त्यांनी फोटो न बघताच विचारलं, "वसिष्ठ पायजे का विश्वामित्र?" म्हटलं, पांढरा, कमरेपर्यंत, थोडा रागीट. "मग विश्वामित्र." टोप डोक्यावर बसवताना त्यांनी गालावरची लाल रेघ कुठल्या रंगानं काढली तर घामानं उतरत नाही तेही शिकवलं, वर स्वतःच काढून दिली. भाड्याचे पैसे टोपाचेच घेतले.

पायात जपानी गेता, लाकडी. चप्पल लाईनमध्ये विचारत फिरलो. एका काकांनी चित्र नीट बघितलं आणि म्हणाले, तळ सुताराकडनं करून आण, पट्टा मी बसवतो. त्यांनी कोल्हापुरीचं चामडं कापून पट्टे असे ओवले की दिवसभर बोटाला फोड आली नाही. पाऊस धो धो होता, रस्त्यात घोटाभर पाणी, आणि माझे पाय दोन इंच वर, कोरडे. जपान्यांनी हे कशासाठी काढलं असेल ते त्या दिवशी पायाला कळलं.

रविवारी बक्षीस समारंभाच्या गर्दीत काढून ठेवलेल्या जोडीतली डावी गेली. कुणाला सापडली तर प्लीज कळवा. काकांच्या हातचं काम आहे, मला ती पायजेच.

रामेनच्या टेबलावरून

आम्ही तिघी मैत्रिणी, श्रावण, आणि हॉलवर सामिष चालणार नाही ही अट. आता रामेनमध्ये, म्हणजे जपानी रस्सा-शेवयांत, माशाच्या वडीची चकती असते, मधे गुलाबी भोवरा, तिला नारुतोमाकी म्हणतात. नारुतोचं नाव तिच्यावरूनच ठेवलंय, म्हणजे ती हवीच! मग मुळ्याच्या चकत्या वाफवल्या आणि बीटाच्या रसात काडी बुडवून एकेकीवर भोवरा काढला. दीडशे भोवरे. रस्सा मिळमिळीत लागत होता, त्यात मिसळीचा कट घातला. एका पोरानं तीन वाट्या संपवून विचारलं, "काकू, यात पाव नाही का?" दुपारी पाव आणले.

डोरायाकी म्हणजे दोन छोट्या गोड धिरड्यांमध्ये लाल चवळीसारख्या अझुकी दाण्यांचं गोड सारण. आम्ही पुरण भरलं. डोरेमॉनचा वेश केलेल्या सहा वर्षांच्या बाळानं पाच खाल्ले, त्याच्या आईनं पाचही मोजले.

पेठेतला, तालमीतून

"सातशे करतो" म्हणणारा मीच. सातशे झाली नाहीत, चाळीस आणली. आमचे वस्ताद पण आले. मला धाकधूक, म्हातारं माणूस, काय म्हणतील. गोकू, म्हणजे 'ड्रॅगन बॉल'चा पिळदार नायक, झालेल्या पोराचा दंड त्यांनी दाबून बघितला आणि विचारलं, "खुराक काय?" पोरगं म्हणालं, "स्पंज." वस्ताद असे हसले, मी तालमीत कधी बघितलं नव्हतं.

मग पोरं हात मागं टाकून नारुतोगत पळायला लागली. वस्ताद उठले. "असं पळून पडला तर थेट तोंडावर. थांबा." खुर्च्या बाजूला, सतरंज्या एकावर एक, आणि सगळ्या निंजांना ओळीनं उभं करून पडायचं कसं ते शिकवलं. हनुवटी छातीला, खांदा आधी. पिकाचू, निंजा, समुद्री चाचे, सगळे धडाधड पडतायत आणि उठतायत. कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं हे, पण सगळ्यात जास्त गर्दी तिथंच.

नागाळा पार्कातून, एक बाप

लेक लुफी झाली होती, मी फक्त गाडी चालवली. तिनं सांगितलं, लुफीची ही गोष्ट, 'वन पीस', १९९७ पासून छापून येतेय आणि अजून संपलेली नाही, टीव्हीवरचे भाग अकराशेच्या वर. रोज जेवण झाल्यावर एक असं दोघांचं ठरलंय. तीन वर्षं लागतील. काल सातवा बघितला.

एक जुना पोस्टर-पेंटर

चित्र स्पर्धेला परीक्षक म्हणून मला बोलावलं. आयुष्य सिनेमाची पोस्टरं रंगवण्यात गेलं, बाबूराव पेंटरांच्या गावात ब्रश धरला, त्यामुळे बोलावणं आलं याचा फार आनंद झाला. एका मुलीनं मला समजावलं की सिनेमात सेकंदाला २४ चौकटी, पण ॲनिमेवाले पुष्कळदा एकच चित्र तीन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे आठ चित्रांत सेकंद निघतो. हालचाल कमी, म्हणून नजर, केस, वारा यांवर सगळा जोर. मला माझी पोस्टरं आठवली. आम्हाला तर सबंध सिनेमा एकाच चित्रात धरायचा असायचा.

रामायणावर युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेला जपानी-भारतीय ॲनिमे चित्रपट त्यांनी पडद्यावर थोडा दाखवला. समुद्राच्या लाटा बघून मी खुर्चीतून उठून पुढे जाऊन उभा राहिलो. मागच्यांना दिसेना, तरी कुणी "बसा" म्हणालं नाही. पहिलं बक्षीस कुणाला द्यायचं यावरून आम्हा परीक्षकांत भांडण झालं, पाऊण तास. शेवटी दोन दिली.

मंगळवार पेठेतून, पुन्हा

चंद्रकळेचं एक लिहायचं राहिलं. आजी रविवारी आलेली. माझ्याबरोबर फोटो काढताना तिनं मला नाही, झग्याचा एक काळा चौकोन धरला होता. फोटोत तसंच आलंय.

डोरेमॉनची आई

उचगावच्या जिरायांना निरोप: डावी खडाव आमच्याकडे आहे. बाळाला ती बक्षीस मिळाली असं वाटलं. तीन दिवस उशाशी घेऊन झोपतोय, आज शाळेतही नेली होती. तुम्ही या, पण येताना पुरणाचा डोरायाकी घेऊन या, नाहीतर तो सोडायचा नाही.