‘साचा’, ‘संकेत’ की ‘राजमार्ग’? : ॲनिमेतील ठरलेल्या कथाक्रमांसाठी मराठी शब्द

प्रश्न

शाळकरी नायक-नायिका आणि अद्भुत जग यांच्यावरील जपानी ॲनिमे (ॲनिमेशन) मालिकांविषयी मराठीत लिहिताना एक अडचण वारंवार येते. शाळेतून घरी निघालेला मुलगा अपघातात मरतो आणि दुसऱ्याच जगात डोळे उघडतो. चारचौघींसारखी दिसणारी मुलगी एकाएकी ‘निवडली’ जाते. वर्गात शेवटच्या रांगेत खिडकीलगतच्या बाकावर बसणाराच हमखास कथानायक निघतो. अशा पुनःपुन्हा भेटणाऱ्या कथाक्रमाला ‘साचा’ म्हटले, तर लिहिणाऱ्याच्या मनात नसतानाही दूषण दिल्यासारखे होते. ‘सूत्र’ म्हटले, तर ते फार कोरडे वाटते. शिवाय नायक दुसऱ्या जगात जातो अशा कथांच्या ‘इसेकाई’ या नावासाठी ‘परलोक’ किंवा ‘परलोककथा’ चालेल का, याविषयीही जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद

आपण ज्याला एका शब्दात पकडू पाहत आहात, त्यासाठी जपानी प्रेक्षक निदान तीन शब्द वापरतात, आणि त्या तिन्हींत बोलणाऱ्याची पसंती-नापसंती वेगवेगळी असते. म्हणून मराठीतही एकच शब्द शोधण्याचा आग्रह सोडावा, असे मला वाटते.

पहिला शब्द ‘ओयाकुसोकु’. ‘याकुसोकु’ म्हणजे वचन किंवा आधी ठरवून ठेवलेली गोष्ट. त्याच्यापुढचा ‘ओ’ हा आदरार्थी उपसर्ग आहे. कथा सांगणारा आणि पाहणारा यांच्यात न बोलता झालेला जो करार असतो, त्याला हा शब्द लावतात. नवा विद्यार्थी वर्गात आला की शिक्षक त्याचे नाव फळ्यावर लिहिणार, उशीर झालेली मुलगी तोंडात पावाचा तुकडा धरून धावत निघणार आणि वळणावर नेमकी त्याच मुलावर आदळणार, हे सर्वांना ठाऊक असते. ते घडले की प्रेक्षक कंटाळत नाही. उलट, ठरल्याप्रमाणे घडले म्हणून हसतो. तमाशाच्या गवळणीत मावशी येणार हे प्रेक्षकाला माहीत असते आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, तो तिची वाट पाहतो, त्यातलाच हा प्रकार आहे. यासाठी आपल्या साहित्यविचारात ‘संकेत’ हा उत्तम शब्द तयार आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त ज्यांना ‘कविसमय’ म्हटले, ते हेच होत. चकोर चांदणे पितो आणि तरुणीच्या पदाघाताने अशोक फुलतो, हे खरे आहे की नाही असे कोणी कवीला विचारत नाही. तसेच जपानमधील एवढ्या शाळांत सर्व महत्त्वाच्या व्यक्ती खिडकीपाशीच का बसतात, हेही विचारायचे नसते.

दुसरा शब्द ‘ओदो’. शब्दशः ‘राजाचा मार्ग’. कन्फ्यूशियन विचारात धर्माने आणि सद्गुणाने राज्य करण्याच्या रीतीला हे नाव होते. आजच्या जपानीत मळलेली, भरवशाची, अस्सल रीत असा त्याचा अर्थ झाला आहे आणि कथेविषयी बोलताना तो सहसा कौतुकाने वापरतात. ‘शोनेन जम्प’ हे 1968 मध्ये सुरू झालेले मुलांचे नियतकालिक ‘मैत्री, परिश्रम, विजय’ या तीन शब्दांसाठी प्रसिद्ध आहे, आणि त्यातून आलेल्या कित्येक मालिका याच वाटेने चालतात. ‘ब्लीच’चे उदाहरण घ्यावे. 2004 मध्ये सुरू झालेल्या या मालिकेतील इचिगो हा पंधरा वर्षांचा मुलगा. त्याला मृतात्मे दिसतात. घरावर संकट आल्यावर एका शिनिगामीची, म्हणजे मृत्युदेवतेची, शक्ती त्याच्याकडे येते, आणि पुढे त्या देवतेलाच सोडवण्यासाठी तो मृतात्म्यांच्या नगरीत शिरतो. सामान्य मुलगा, अकस्मात आलेले सामर्थ्य, त्याबरोबर आलेली जबाबदारी, सोबती, पराभव, सराव आणि पुन्हा झुंज, हा क्रम ठरलेला असला तरी त्याला कोणी नावे ठेवत नाही. येथे मी निःशंकपणे ‘राजमार्ग’ म्हणेन, कारण मराठीतही राजमार्ग हा आडवाटेच्या उलट, रुळलेला आणि प्रतिष्ठित रस्ता असतो.

आणि तिसरा ‘तेनपुरे’. ‘टेम्पलेट’ या इंग्रजी शब्दाचे हे जपानी तोंडात आखडलेले रूप आहे आणि त्यात नापसंती बहुधा असतेच. हौशी लेखकांसाठी 2004 मध्ये सुरू झालेल्या ‘शोसेत्सुका नि नारो’ या जपानी संकेतस्थळावर एकाच बेताच्या कादंबऱ्यांचा पूर आला, तेव्हा हा शब्द विशेष रुळला. अशा कथांत नायकाला धडकणाऱ्या मालमोटारीला चाहत्यांनी थट्टेने ‘ट्रक-कुन’, म्हणजे ‘ट्रकभाऊ’, असे टोपणनाव देऊन टाकले! 2016 मध्ये या संकेतस्थळाशी संबंधित एका लघुकथा स्पर्धेने दुसऱ्या जगात जाण्याच्या किंवा जन्मण्याच्या कथा स्वीकारायच्याच नाहीत, असा नियम केला होता. यासाठी आपला ‘साचा’ अगदी योग्य आहे. त्यातील दूषण येथे अभिप्रेतच आहे.

एकच प्रसंग संकेतही असू शकतो आणि साचाही, हे ‘कोनोसुबा’ या 2016 च्या मालिकेच्या आरंभावरून स्पष्ट होते. काझुमा हा घरकोंबडा मुलगा नवा व्हिडिओगेम विकत घेऊन परत येत असतो. समोरच्या मुलीवर ट्रक येत आहे असे वाटून तो तिला ढकलतो आणि मरतो. मृत्यूनंतर समोर आलेली देवी हसत हसत त्याला सांगते की तो ट्रक नव्हता, हळूहळू चाललेला ट्रॅक्टर होता, मुलीला काहीही धोका नव्हता, आणि तो धडकेने नव्हे तर धसक्याने मेला. ती दुसऱ्या जगात नेण्यासाठी कोणतीही एक गोष्ट मागायला सांगते, तेव्हा तो चिडून तिलाच मागतो. ट्रक, वीरमरण, देवी आणि वरदान या चारही गोष्टी प्रेक्षकाला पाठ नसत्या, तर यातील एकही विनोद त्याला कळला नसता. विडंबन संकेतावर उभे राहते. नुसत्या साच्याची विटंबनाच होऊ शकते.

आता ‘इसेकाई’. ‘इ’ म्हणजे निराळे आणि ‘सेकाई’ म्हणजे जग. यातील गंमत अशी, की ‘सेकाई’ हा शब्द ज्या दोन चिनी अक्षरांनी लिहितात, ती जोडी बौद्ध ग्रंथांतील ‘लोकधातु’ या संस्कृत शब्दाच्या चिनी भाषांतरातून रूढ झाली. म्हणजे प्रतिशब्द शोधताना ‘लोक’ हे पद आपण उसने घेत नाही, ते मुळातच त्या शब्दाच्या पोटात आहे. मात्र ‘परलोक’ चालणार नाही. मराठीत परलोक म्हटले की मृत्यू, पापपुण्य आणि तेथील हिशेब एवढेच मनात येते. याउलट ‘इनुयाशा’ या मालिकेतील कागोमे पंधराव्या वाढदिवशी घरच्या देवस्थानातील जुन्या विहिरीत ओढली जाते, ती जिवंतच असते, पुढे ती त्याच विहिरीतून ये-जा करते आणि मध्येच घरी येऊन शाळेच्या परीक्षाही देते. तिला परलोकवासी कसे म्हणणार?

माझी सूचना ‘लोकांतर’ अशी आहे. देशांतर, स्थलांतर, भाषांतर, वेषांतर यांत ‘अंतर’चा जो ‘दुसरा’ असा अर्थ आहे, तोच येथेही लागतो, आणि ‘लोकांतरकथा’ हा सामासिक शब्द कानाला परका वाटत नाही. जपानीत या कथांचे दोन पोटभेद मानतात : देहासह पलीकडे जाणे म्हणजे ‘तेन-इ’ आणि मरून तेथे जन्म घेणे म्हणजे ‘तेनसेई’. पहिल्याला ‘लोकांतर’ आणि दुसऱ्याला साधा ‘पुनर्जन्म’ म्हटल्यास दोन्ही वेगळे राहतात.

शंका

‘लोकांतर’ हा शब्द जुन्या वापरात मृत्यूसाठीही आढळतो, त्यामुळे ‘परलोक’विषयी घेतलेला आक्षेप येथेही लागू होतो, असे मला वाटते. दुसरे असे की, अशा कथा आपल्याकडे नव्या नाहीत. मग जुन्या कथांना आपण जे नाव देतो, तेच का देऊ नये? आणि मूळ प्रश्नातील ‘शाळकरी’ऐवजी ‘पौगंडवयीन’ म्हणणे अधिक शास्त्रशुद्ध ठरणार नाही का?

प्रतिसाद

आक्षेप रास्त आहे, परंतु तो अर्थ आता शब्दकोशाबाहेर फारसा भेटत नाही, आणि ‘लोकांतरकथा’ असे पूर्ण रूप वापरल्यास घोटाळा होण्याचा संभव उरत नाही. ‘परलोक’ मात्र आजही रोजच्या बोलण्यात जिवंत आहे.

जुन्या कथांविषयी आपले म्हणणे खरे आहे. जपानमध्ये उराशिमा तारो या कोळ्याची कथा घरोघरी ठाऊक आहे. कासवाला वाचवल्याबद्दल तो समुद्रातील नागराजाच्या महालात जातो, थोडे दिवस सुखाने राहून परततो, तर गावात तीनशे वर्षे उलटून गेलेली असतात. भागवतातील राजा ककुद्मी आपल्या रेवतीसाठी वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो, तेथे चाललेले गायन संपेपर्यंत थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे होऊन जातात. लोकसाहित्याचे अभ्यासक अशा समान घटकाला ‘कल्पनाबंध’ म्हणतात, आणि देशोदेशींच्या कथांची तुलना करताना तोच शब्द वापरावा. पण उराशिमाच्या कथेचे सारे दुःख परतण्यात आहे, तर अलीकडच्या पुष्कळ पुनर्जन्म-मालिकांत नायकाला परतायचेच नसते. जुन्या जगात त्याचे कोणी नसते. नव्या जगात त्याला पदवी, पराक्रम आणि मित्र, सगळे पहिल्याच आठवड्यात मिळते. माझ्या मते हा फरक इतका मोठा आहे की दोहोंना एकच नाव देणे अन्यायाचे होईल.

चिहिरो या दहा वर्षांच्या मुलीवरील 2001 च्या विख्यात चित्रपटाच्या (इंग्रजीत ‘स्पिरिटेड अवे’) जपानी नावात तर आणखी वेगळा शब्द आहे : ‘कामिकाकुशी’, म्हणजे देवांनी लपवणे. माणूस अचानक बेपत्ता झाला की देवांनी नेला, अशी ती समजूत. आपल्याकडील ‘चकवा’ याच्या जवळ येतो, परंतु चकव्याने माणूस रात्रभर त्याच रानात घुटमळतो आणि पहाटे वाट सापडते. कामिकाकुशीत तो माणसांच्या जगातूनच नाहीसा होतो. त्यामुळे येथे मूळ शब्द ठेवून अर्थ सांगणे बरे.

‘पौगंड’विषयी सावध राहावे. संस्कृत परंपरेतील प्रसिद्ध वर्गीकरणात पाचापर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड आणि पंधरापर्यंत कैशोर असा क्रम आहे. आजच्या मानसशास्त्रीय मराठीत ‘पौगंडावस्था’ त्याच्या बरीच पुढे सरकली आहे. पंधरा वर्षांच्या इचिगो-कागोमेंसाठी ‘किशोरवयीन’ दोन्ही हिशेबांत बसतो. जपानमध्ये सक्तीचे नऊ वर्षांचे शिक्षण याच वयाच्या सुमारास संपते आणि वरच्या शाळेची प्रवेशपरीक्षा समोर असते, म्हणून या कथांना हे वय इतके प्रिय आहे, हे ‘किशोर’ या शब्दाने अधिक नेमके सूचित होते.

आणखी एक प्रतिसाद

प्रतिशब्द कितीही चांगला असला, तरी तरुण वाचक ‘इसेकाई’च म्हणणार, हे मान्य करून त्याच्या लेखनाचाही निर्णय व्हावा. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाने 2024 मध्ये हा शब्द स्वीकारला आहे; आपण त्याला निदान नीट लिहावे. मराठीच्या नियमानुसार अन्त्य ईकार दीर्घ असावा, म्हणून ‘इसेकाई’. मालिकेच्या अनुषंगाने त्याला स्त्रीलिंगी मानणे स्वाभाविक वाटते : ‘ही इसेकाई पाहिली का?’ विभक्तीत ‘इसेकाईत’, ‘इसेकाईचा’ ही रूपे सहज होतात. लेखात प्रथम ‘इसेकाई, म्हणजे लोकांतरकथा’ असे एकदा लिहावे आणि पुढे जो शब्द वाक्यात नीट बसेल तो वापरावा. ‘या इसेकाईत संकेत सगळे पाळले आहेत, पण साचा कोठेही जाणवत नाही’, असे वाक्य मला तरी मराठीच वाटते.