१६४८ च्या आधीचं काय?

आधुनिक राज्य १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहातून (युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध संपवणाऱ्या) जन्मलं, असं म्हणतात; ते मला जरा घाईचं वाटतं. त्या तहानंतरही पवित्र रोमन साम्राज्य, म्हणजे मध्य युरोपातल्या अनेक संस्थानांचं जुनं सैल कडबोळं, १८०६ पर्यंत टिकलंच की! खरी गोम करवसुलीत आहे. फ्रान्सच्या सातव्या चार्ल्सने १४३९ मध्ये सैन्य उभारण्याचा हक्क फक्त राजाचा, असं फर्मान काढलं आणि १४४५ पासून खडी फौज ठेवली. तिचा पगार भागवायला 'ताय' हा कर कायमचा झाला. मग वसुली आली, कारकून आले, हिशेबाच्या वह्या आल्या. (सरदारांना मात्र त्यातून सूट. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीत ती भोवली.) इंग्लंडची वाट निराळी: १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड काढून युद्धासाठी १२ लाख पौंड कर्ज उभारलं, व्याजाला तारण संसदेने मंजूर केलेले कर.