गच्चीवरच्या सिरिंज आणि सभेचा विषय क्र. ४

*सेक्रेटरी, ए-१०२:* रविवारी विषय क्र. ४, गच्चीवर सापडलेल्या सिरिंज. दोघांची सूचना आहे की ज्या फ्लॅटमधल्या पोरावर संशय आहे त्या फ्लॅटचं नाव बोर्डावर लावा आणि घर खाली करून घ्या. मतं इथेच टाका, सभेत कल्ला नको.

*बी-४०३, वकील:* सभासदाला असं काढता येत नाही, भाऊ. सहकारी संस्था अधिनियम, कलम ३५: त्याला बाजू मांडू द्यायची, हजर मतदारांचं तीन-चतुर्थांश बहुमत हवं, वर निबंधकांची मान्यता. नशा करणं गुन्हा आहेच, एनडीपीएस (अमली पदार्थांचा कायदा) १९८५, कलम २७. पण त्यातच ६४अ आहे. सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचार घेणाऱ्यावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा खटला चालत नाही. अल्प म्हणजे हेरॉइन ५ ग्रॅम, एमडी (मेफेड्रोन) २ ग्रॅम. उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येतं.

*सी-३०४:* कलमं ठीक आहेत जी. आमची लेकरं वर खेळतात, त्याचं काय?

*डी-२०१, सिस्टर काकू:* सुईला टोपण परत लावायचं नाही, अनेकांना तिथेच टोचते. जाड हातमोजे, चिमटा, जाड प्लास्टिकची झाकणाची बाटली. ती कचरागाडीत टाकू नका, दवाखान्यात द्या. टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, दाबून रक्त काढू नका. लगेच मेडिकल किंवा मेयो, नागपूरच्या या सरकारी रुग्णालयांची कॅज्युअल्टी गाठा. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आतच सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं.

*ए-५०१:* पोराला पंधरा दिवस खोलीत कोंडा. उतरते आपोआप.

*डी-२०१, सिस्टर काकू:* नका हो. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची अचानक बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, मग भ्रम, त्यात माणूस दगावतो. ब्राऊन शुगरचं, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनचं, वेगळं. पंधरा दिवसांत शरीराची सवय मोडते, बाहेर आल्यावर पोरगा जुनाच डोस घेतो आणि श्वास थांबतो.
त्यावर ब्युप्रेनॉर्फिनच्या जिभेखालच्या गोळ्या आहेत. पण पहिली गोळी जांभया, नाक गळणं, अंगावर काटा सुरू झाल्यावरच. शेवटची नशा कधी केली हे पोरगा आईसमोर खोटं सांगतो. ‘काल’ म्हणतो, घेतलेली असते सकाळी. गोळी लवकर पडली की तलफेचा त्रास एकदम उसळतो, मग ‘औषधानंच बिघडलं’ म्हणून तो परत येत नाही. बोर्डावर नाव लागलेलं घर खरी वेळ सांगेल का? म्हणून ओपीडीत नातेवाइकांना पाच मिनिटं बाहेर बसवा.

*बी-४०३, वकील:* ‘पोरगा धरून नेतो’ म्हणणाऱ्या खासगी केंद्रांपासूनही जपा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये नशेशी जोडलेले मानसिक त्रासही येतात. केंद्राची नोंदणी विचारा. साखळीने बांधायला बंदी आहे, माहिती गुप्त राखणं बंधनकारक आहे.

*सी-३०४:* आणि कुणी गच्चीवर पडलेलाच दिसला तर?

*डी-२०१, सिस्टर काकू:* ओठ निळे, श्वास मंद, बुबुळं टाचणीएवढी? १०८ लावा, कुशीवर वळवा. मीठपाणी, दूध काही पाजू नका. श्वास थांबला तर पाठीवर घेऊन सीपीआर. नॅलॉक्सोनने (हेरॉइनसारख्या नशेचा असर उतरवणारं औषध) शुद्धीवर आला तरी घरी आणू नका, तासाभरात त्याचा असर ओसरतो आणि श्वास परत मंदावू शकतो.

*सेक्रेटरी, ए-१०२:* विषय क्र. ४ बदलतो: सुयांची बाटली, चिमटा, हातमोजे. १४४४६ ही नशामुक्ती हेल्पलाइन सगळ्याच मजल्यांच्या लिफ्टजवळ.

*डी-२०१, सिस्टर काकू:* सगळ्याच मजल्यांवर, हे बरं केलं. आणि तो सिरिंजचा फोटो ग्रुपवरून काढा, मागे दार दिसतंय.